एकशेआठचा घोळ

सेमिनारला मी छातीठोकपणे सांगितलं, "इंटेल ४००४, साल १९७१, क्लॉक १०८ किलोहर्ट्झ." सरांनी विचारलं, "आकडा कुठून आणलास?" "नेटवरून, सर." मागच्या बाकांवर खसखस पिकली.

रात्री मेसवरून आल्यावर चिडून डेटाशीट उघडली. साध्या इन्स्ट्रक्शनला १०.८ मायक्रोसेकंद, त्यात क्लॉकचे ८ ठोके. म्हणजे एक ठोका १.३५ मायक्रोसेकंदांचा, व्यस्त काढला तर चक्क ७४० किलोहर्ट्झ! १०.८ चे कुणीतरी १०८ केले असावेत, आणि बाकीच्यांनी आपण जर्नल उतरवतो तसे उतरवले. (आपण कुणाला हसणार म्हणा!)

त्या डेटाबेसवाल्यांना दुरुस्ती पाठवली. उत्तर आलं, बाकी सगळीकडे १०८ च आहे. पुन्हा लिहिलं, भागाकारासकट, डेटाशीटचं पान जोडून. रूममेट म्हणाला, "अरे, पन्नास वर्षांपूर्वीची चिप, कुणाला पडलंय?" मला पडलं होतं. अकराव्या दिवशी आकडा बदलला. प्रिंटआउट घेऊन तडक सरांकडे गेलो. ते हसले. "आणि लायब्ररीतल्या तुझ्या रिपोर्टात?"

तिथे अजून १०८ च आहे. बाइंडिंग झालंय, आणि खाली सही सरांचीच आहे.