योकोहामा अरिनातली दोन गिटारं

शिन-योकोहामा स्टेशनपासून चालत पाच-सात मिनिटांवर योकोहामा अरिना. एरवी तिथे बघण्यासारखं काही नाही. पण १ डिसेंबर १९९१ला इथे जॉर्ज हॅरिसन आणि एरिक क्लॅप्टन एकत्र उभे राहिले. १९७४नंतरचा हॅरिसनचा हा पहिलाच दौरा, साथीला क्लॅप्टनचेच वादक.

वाजवण्यात क्लॅप्टन मोठा, यात वाद नाही. ब्लूजवर पोसलेला हात तो! गाणं रचण्यात मात्र मी हॅरिसनला वरचढ मानतो. रविशंकरांकडे सतार शिकलेला हा माणूस पुढे बोटात नळी घालून गिटारच्या तारेवरून अशी फिरवायचा, की आपल्या कानाला थेट मींडच वाटावी.

क्लॅप्टनचं ‘लैला’, नाव लैला-मजनूवरून घेतलेलं, हॅरिसनच्या बायकोच्या प्रेमात पडून लिहिलेलं. पुढे त्याने तिच्याशी लग्न केलं, तेही मोडलं. मार्च १९९१मध्ये त्याचा चार वर्षांचा मुलगा गेला. आणि डिसेंबरात हे दोघे इथे!

‘लाइव्ह इन जपान’ हा त्या दौऱ्याचा अल्बम. त्यातलं ‘व्हाइल माय गिटार जेंटली वीप्स’ ऐकाच. गाणं हॅरिसनचं, त्यात रडणारी गिटार १९६८मध्येही क्लॅप्टनचीच होती.