सोनकीची तारीख

आमच्या महाविद्यालयाच्या वनस्पतिसंग्रहात एक खोटी तारीख आहे, आणि ती आम्ही लिहिलेली आहे. नेहमीच्या मापाचा, साधारण 42 बाय 29 सेंटिमीटरचा जाड कागद. त्यावर सोनकीची एक फांदी. उजवीकडे खाली चिठ्ठी : महाबळेश्वर, 12 सप्टेंबर 1998.

त्या दिवशी महाबळेश्वरास आम्ही सोनकी गोळा केली होती, हे खरे. पण पावसात खुडलेली झाडे वर्तमानपत्रांत दाबली, की सुरुवातीला ते कागद रोज बदलावे लागतात. आम्ही चौघांनी आठवडाभर बदलले नाहीत. प्रत्येकाला वाटले, दुसरा बदलत असेल. प्रेसचे पट्टे सोडले तेव्हा बुरशीचा भपकारा आला. तेरड्याच्या पाकळ्या कागदालाच चिकटल्या होत्या (त्या काळजी घेऊनही चिकटतात, ही आमची तेवढीच सबब), आणि सोनकी काळी पडली होती.

ऑक्टोबरात सिंहगडावरून आम्ही तीच जात पुन्हा आणली. या वेळी कागद निष्ठेने बदलले. चिठ्ठी मात्र आधी लिहून ठेवलेलीच डकवली. गुण चांगले मिळाले. शिकणाऱ्या मुलांना सोनकी ओळखता आली म्हणजे झाले, असे आम्ही एकमेकांना सांगत असू.

वाळलेली फांदी पानांची ठेवण दाखवते, केसर मोजू देते. पण ती कुठल्या उतारावर, कोणत्या दिवशी फुलली होती, हे तिला सांगता येत नाही. तेवढ्यासाठीच चिठ्ठी असते. 2004 साली रिचर्ड प्रायमॅक व त्यांच्या सहकाऱ्यांनी बॉस्टनच्या अर्नोल्ड वृक्षोद्यानातील जुन्या नमुन्यांच्या तारखा तिथल्याच जिवंत झाडांच्या बहराशी ताडून पाहिल्या. विसाव्या शतकाच्या आरंभापेक्षा त्याच्या अखेरीस बहर सरासरी आठ दिवस आधी येऊ लागला होता. ते वाचताना आम्हांला आमची सोनकी आठवली. तिथे प्रश्न आठ दिवसांचा होता. आमची लबाडी महिन्याभराची.

जुनी चिठ्ठी काढायची नसते, दुरुस्ती शेजारी नव्या चिठ्ठीवर करायची, असा संग्रहांचा दंडक आहे. गेल्या पावसाळ्यात परवानगी घेऊन आम्ही ते कपाट उघडले. डांबरगोळ्यांच्या वासात उभे राहून लिहिले : सिंहगड, ऑक्टोबर 1998. दिवस चौघांपैकी कुणालाही आठवेना. तेवढी जागा कोरी सोडली.