मांजराचे झाड

आंब्याचे झाड, पेरूचे झाड, तसे मांजराचे झाड. हा शब्द प्रथम कानावर पडला, की त्या झाडाला मांजरे लागत असावीत असे कुणालाही वाटेल. आमच्या कन्येने खुलासा केला, की ते फर्निचर असते. दोर गुंडाळलेला खांब, त्याला फळ्या, एखादे खोपटे आणि वरून लोंबणारा कापसाचा उंदीर. मांजराने त्यावर चढावे, झोपावे आणि मुख्य म्हणजे नखे ओरबाडावीत. लग्नानंतर चार वर्षे आम्ही उभयतांनी एका सतरंजीवर काढली हे मी तिला सांगणार होतो. पण ते तिने यापूर्वी बरेचदा ऐकले आहे.

प्रश्न होता ठमीचा. वय अडीच महिने, वजन किलोभर साखरेच्या पुड्याएवढे आणि नखे मात्र वाघाची. ही नखे ती घरात एकाच ठिकाणी वापरत असे : अण्णांच्या आरामखुर्चीच्या कापडावर. अण्णांना जाऊन दोन वर्षे झाली. तेव्हापासून त्या खुर्चीत कुणी बसलेले नाही. आई रोज ती पुसते आणि परत होती तिथे ठेवते. पाहुणा बसू लागला, तर "इकडे वारं छान येतं हो," म्हणून त्याला कोचावर घेऊन जाते. ठमीला मात्र ती काही बोलत नसे. रात्री दाभण घेऊन फाटलेले शिवत बसे. नेढे दिसत नाही, म्हणून दोरा मी ओवून द्यायचा. आज ना उद्या खुर्ची किंवा मांजर यांतले एक घरातून जाणार होते आणि कोणते, हे आईला विचारायची माझी छाती नव्हती.

जनावरांचे डॉक्टर म्हणाले, "ओरबाडू नको असं मांजराला सांगता येत नाही." ओरबाडल्याने नखांवरची जुनी टरफले निघतात, अंग ताणले जाते आणि पंजात गंधाच्या ग्रंथी असल्याने जागेवर स्वतःचा वासही राहतो. म्हणजे नखे काढणे, जोरबैठका आणि सातबाऱ्यावर नाव चढवणे, तिन्ही कामे एका खेपेत!

दुकानातला मुलगा उत्साही होता. "अंकल, हा डुप्लेक्स घ्या." डुप्लेक्सला गुलाबी केसाळ कापड होते. मी एक बोट लावले, तर ते झाड अदबीने वाकले. एकदा डुगडुगलेल्या खांबाकडे मांजर पुन्हा फिरकत नाही. शिवाय खांब जेमतेम दीड फूट. मोठे मांजर मागच्या पायांवर उभे राहून ताण देते, त्याला तीन फूट तरी हवेत. शाळेचा गणवेश घेताना आपण वाढत्या अंगाचा घेतो, तोच न्याय. किंमत ऐकून मी चिठ्ठी उलटी केली. मागे काही सवलत छापलेली नव्हती.

"साताऱ्याला मांजरं माळ्यावर जायची," आई म्हणाली, "त्यांना कुणी जिना बांधून दिला होता?"

"पडली तर?" ही म्हणाली.

मांजर चार पायांवर पडते हे खरे आहे. मारे नावाच्या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८९४ साली पडत्या मांजराची एकापाठोपाठ एक छायाचित्रे काढून ते दाखवलेही. पण चार पायांवर पडणे आणि न लागणे यांत फरक आहे. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. म्हणून आधी गॅलरीला जाळी बसवली आणि मगच सुतार बोलावला. त्याने गंभीरपणे ठमीचे माप घेतले. पहिली फळी वीतभर उंचीवर, मग थोडीथोडी वर.

दोर आणायला बोहरी आळीत गेलो. सायसल हवा, म्हटल्यावर दुकानदार म्हणाला, "घायपात म्हणा की!" रेल्वेच्या कडेला कुंपणासाठी लावतात त्याच जातीच्या झुडपाचा वाख. परदेशी नाव गळून पडले, की वस्तू कशी घरच्यासारखी वाटते!

बुडाला वजन हवे होते. सुतार विटा म्हणाला. आई उठली आणि पलंगाखालून साताऱ्याच्या जात्याचा एक दगड दाखवून म्हणाली, "हा घे. दुसऱ्यावर माझी कुंडी आहे."

राहिला जागेचा प्रश्न. मांजर झोपून उठले, की प्रथम ओरबाडते. तेव्हा खांब त्याच्या झोपायच्या जागेशी आणि त्याच्या आवडत्या वस्तूच्या शेजारीच हवा. ठमी झोपे अण्णांच्या खुर्चीत. म्हणजे तोच कोपरा, तोच रेडिओ, तीच खुंटीवरची काठी. मी चाचरत विषय काढला. आई काही बोलली नाही. दुपारी पाहतो, तर काठी कपाटात गेलेली, रेडिओ सरकलेला आणि आई कात्रीने खुर्चीचे फाटके कापड काढते आहे.

"हे खांबाला ठोक. तिला ओळख पटेल. खुर्चीला नवं आण. हिरव्या पट्ट्यांचं; त्यांना तेच लागायचं."

ठमीने दोन दिवस झाडाकडे पाहिलेसुद्धा नाही. ज्या खोक्यातून दोर आला होता, त्यात बसून राहिली. तिसऱ्या दिवशी त्या कापडाचा वास घेतला, खांबाला मिठी मारली आणि तासभर दोराचा कर्रकर्र आवाज घरभर ऐकू येत होता.

वरच्या फळीवर चढताना मात्र अजून तिचा पाय घसरतो. कुणीतरी हाताशी लागते. कोच पडला लांब. परवा संध्याकाळी मी बाहेरून आलो, तर आई हिरव्या पट्ट्यांच्या खुर्चीत पाय लांब करून बसलेली.

"पेपर दे जरा इकडे," ती म्हणाली. "आणि चपला हळू काढ. आत्ता झोपलीय."