दमानं घे!

श्वास घ्यायला माणसाला कोणी शिकवीत नाही. पहिल्या रडण्याबरोबर तो सुरू होतो आणि पुढे सत्तर-ऐंशी वर्षे आपण त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. चालायला शिकावे लागते, बोलायला शिकावे लागते, पाढे तर धाकाने शिकावे लागतात; पण श्वास? साठी उलटलेल्या माझ्या आत्याला श्वास घ्यायला शिकविण्यासाठी मी लोणावळ्याला घेऊन निघालो, तेव्हा आंदर मावळातल्या आमच्या वाडीवर हसू पिकले ते याचमुळे. "मास्तर, म्हातारीला आता शाळंत घालता व्हय?" असे एकाने विचारलेही.

आत्याला दमा. मराठीने या दमाचा संसार मोठ्या थाटाने मांडला आहे. दम लागतो, दम कोंडतो, दम उखडतो. दम धरावा, दम खावा, दम द्यावा, आणि काही झाले तरी दमाने घ्यावे! आणि एवढे सगळे सांगून झाल्यावर 'दमा दमासंगं जायचा' या एका वाक्यात औषधपाण्याचा विषयच मिटवून टाकायचा. आत्याने हे वाक्य वीस वर्षे मंत्रासारखे जपले होते.

दमेकऱ्याने राहण्यासाठी मुलूख निवडायचा झाला तर आंदर मावळ कोणी निवडणार नाही. आंद्रा नदीचे हे खोरे दिसायला देखणे आहे. ठोकळवाडीच्या धरणाचे पाणी, वर कुसूरचे पठार, आषाढात डोंगर दिसेनासे करणारे धुके. शहरातली मंडळी तेवढ्यासाठी मोटारी घेऊन येतात. पण चार महिने घराच्या भिंती ओल धरतात, वाकळांना बुरशीचा वास येतो, आणि चुलीचा धूर छपराखालीच घुटमळतो. पाऊस सरतो तो भाताची कापणी येते. इंद्रायणी तांदूळ वडगावच्या भात संशोधन केंद्राने काढलेला. त्याच्या वाफेच्या वासाने पाहुण्याची भूक चाळवते, पण त्याची झोडणी चाललेल्या खळ्यावर आत्याला दोन मिनिटे उभे राहवत नसे. तूस आणि धूळ नाकात गेली की छाती वाजू लागे. यातून वाचावे तर उन्हाळ्यात राब भाजायचे दिवस. शेण, पालापाचोळा, गवत पेटवून रोपांची जागा भाजतात, आणि खोरेभर निळा धूर पसरतो. थोडक्यात, वर्षाचा एकही ऋतू आत्याच्या छातीला सुट्टी देत नसे.

दम लागला की आत्या निजत नसे. मांडीवर वाकळीची वळकटी घेऊन, तिच्यावर दोन्ही कोपरे टेकून, पुढे वाकून ती उजाडेपर्यंत बसून राही. लहानपणी मला ते बसणे केविलवाणे वाटे. ते किती शहाणपणाचे होते हे मला फार उशिरा कळले. हातांना टेकू मिळाला की खांद्यांचे व मानेचे स्नायू छातीच्या मदतीला मोकळे होतात. आजही दमेकऱ्याला हेच बसणे शिकवितात. आत्याला ते कोणी शिकविले नव्हते. फक्त धाप ओसरली तरी ती तशीच बसे, तशीच चाले, तशीच भाकरी थापी. खांदे कानाशी आणि पाठीला पोक. संकटातली बैठक तिच्या अंगाला कायमची चिकटली होती.

लोणावळ्याचे कैवल्यधाम स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली स्थापन केले. स्वामींचे मूळचे नाव जगन्नाथ गणेश गुणे. बडोद्याला माणिकरावांच्या आखाड्यात घडलेले, माधवदासजींकडून योग शिकलेले आणि काही काळ अमळनेरला शिक्षणाचे काम केलेले. शिक्षकाची चौकस बुद्धी त्यांनी योगातही सोडली नाही. उड्डियान आणि नौली करताना पोटात नेमके काय होते, हे त्यांनी क्ष-किरणांखाली तपासले आणि 'योगमीमांसा' या त्रैमासिकातून जगापुढे मांडले. प्राणायामाने शरीराला प्राणवायू जास्त मिळतो, ही समजूतही त्यांनी प्रयोगानेच खोडून काढली. स्वतःच्याच मालाची खोटी तारीफ न करणारा दुकानदार मला तरी विरळाच भेटला आहे! १९६६ साली स्वामी गेले. पुढच्याच वर्षी योगमीमांसेत दम्यावरच्या यौगिक उपचारांचा लेख छापून आला.

आम्ही कान्हे स्टेशनावर लोकल धरली. आत्याने धडुत्यात चार भाकऱ्या बांधून घेतल्या होत्या, शाळेत उपाशी ठेवतील या भीतीने. शिकविणाऱ्या बाईंनी तिला काही मोठी आसने सांगितलीच नाहीत. ताठ बसायला सांगितले, एक हात छातीवर आणि एक पोटावर ठेवायला सांगितला, आणि विचारले, "कुठला हात हलतोय, आजी?" वरचा हलत होता. खालचा निजला होता. मग खांदे सैल सोडणे, नाकाने हलका श्वास घेणे, पोट वर येऊ देणे आणि घेतला त्याच्या दुप्पट वेळ सोडणे, एवढाच धडा. श्वास रोखून धरायचा नाही, हे मात्र दोनदा बजावले.

"अवो, पर मला हवा येत न्हाई, तर सोडू कुठली?" आत्याने विचारले.

मला वाटते, साऱ्या दम्याचे मर्म या प्रश्नात आहे. दमेकऱ्याला वाटते हवा आत येत नाही. खरे पाहता ती बाहेर जात नाही. नळ्यांचे अस्तर सुजते, भोवतीचे स्नायू आवळतात, कफ साचतो. आत गेलेली हवा तिथेच कोंडते, आणि भरल्या घागरीत आणखी पाणी ओतावे तसा माणूस वर आणखी श्वास ओढीत राहतो. फुगलेल्या छातीखाली श्वासपटल दबून सपाट होते आणि ओढण्याचे काम मानेवर पडते. बाईंनी हे आत्याला घागरीच्याच भाषेत सांगितले. "आदी रिकामी करायची म्हना की," आत्या म्हणाली. पतंजलीनेही आसन आधी आणि प्राणायाम नंतर सांगितला आहे. पोक काढल्याशिवाय पोटाला हलायला जागा कुठून मिळणार?

विद्येची ही वाट आपल्याच दारातून जाते असे मात्र नाही. रशियात ब्युटेको नावाच्या डॉक्टराने गेल्या शतकाच्या मध्यात 'कमी श्वास घ्या' असा पंथच काढला. १९८५ साली बंगलोरच्या नागरत्ना आणि नागेंद्र यांनी ५३ दमेकऱ्यांना योग शिकवून, तेवढ्याच न शिकविलेल्यांशी त्यांची तुलना करून पाहिली. शिकलेल्यांचे झटके आणि औषधे कमी झाली. इंग्लंडात ६५५ दमेकऱ्यांवर झालेला प्रयोग २०१८ साली प्रसिद्ध झाला. श्वासाचे धडे घेतलेल्यांचे रोजचे जगणे सुसह्य झाले, पण फुंकून मोजायच्या यंत्रावरचे आकडे आणि नळ्यांची सूज होती तिथेच राहिली.

हे शेवटचे वाक्य आत्याला सांगून पटण्यासारखे नव्हते. दोन महिन्यांत ती टाकव्याच्या बाजाराला चालत जाऊ लागली. त्यातच एका पाहुण्याने तिच्या कानात सांगितले, "पंपाची सवय लागते, आत्याबाई. आता योग येतो ना तुम्हाला?" डॉक्टरांनी तिला दोन पंप दिले होते, एक सूज उतरायला रोजचा आणि एक अडीअडचणीचा. दोन्ही पंप उतरंडीच्या तळच्या मडक्यात गेले.

चैत्रात राब पेटले. त्या रात्री तिच्या सुनेचा फोन आला. मी पोहोचलो तेव्हा आत्या ओट्यावर, कोपरे गुडघ्यांवर टेकून, ओठांचा चंबू करून, गरम चहावर फुंकर घालावी तसा श्वास सोडीत होती. ओठ निळसर दिसत होते. शब्द एकेक, तुटक. सून उतरंड उतरवीत होती. वरून पाच मडकी काढल्याशिवाय सहावे हाती येईना. अडीअडचणीचा पंप एकदाचा सापडला, तो आम्ही थोड्या थोड्या वेळाने ओढायला दिला, आणि जीप निघाली. वाटेत ती माझ्या हाताला धरून बोटांनी काही मोजीत होती. दोन, चार. दोन, चार. मला वाटले जप चालला आहे.

दवाखान्यात ऑक्सिजन आणि इंजेक्शन मिळून पहाटे छातीची शिटी थांबली. डॉक्टर म्हणाले, "घाबरल्या नाहीत, म्हणून थोडी उसंत मिळाली. पण पंप बंद केला नसता तर इथे यावेच लागले नसते." आत्याने डोळे मिटून ऐकून घेतले.

आता दोन्ही पंप देवघरात, खंडोबाच्या टाकाशेजारी असतात. सकाळी रोजचा पंप, गुळणी, मग पोटावर हात ठेवून दहा मिनिटे. परवा गेलो तर ओट्यावर वाडीतली तीन पोरे ताठ बसवून तिची शाळा भरली होती. त्यांतला एक माझ्याच वर्गातला, थंडीत छाती वाजणारा. मला पाहून तो गडबडीने उठू लागला.

"बस खाली," आत्या म्हणाली, "तुझं मास्तर हितं नापास हायेत. त्यांचं खांदं बघ की!"