शाखामृगाचें गोत्र

वंशावळ मांडावयास सांगितली म्हणजे मुलें हटकून चुलत आजोबांना आजोबांच्या जागीं नेऊन बसवितात. ‘माणूस माकडापासून झाला’ हें सुशिक्षित घरांतूनही सहज ऐकूं येणारें वाक्य त्याच मासल्याचें आहे. नातवंडें या वाक्याचा खरेंखोटेपणा विचारूं लागलीं कीं आम्ही गिबनाचें उदाहरण पुढें करितों.

आसामपासून जावा-सुमात्रापर्यंतच्या अरण्यांत राहणारा हा प्राणी दिसण्यांत वानरासारखा. परंतु त्यास शेपूट नाहीं. तो माकडांत मोडत नाहीं, कपींत मोडतो. माकडें व कपि यांच्या शाखा सुमारें अडीच ते तीन कोटी वर्षांपूर्वीं विभक्त झाल्या. पुढें कपींच्या घराण्यांत प्रथम वेगळी चूल मांडिली ती गिबनानें, सुमारें १ कोटी ७० लक्ष वर्षांपूर्वीं. ओरांगउटान, गोरिला, चिंपांझी व मनुष्य हीं मागें एकत्र राहिलेलीं मंडळी. त्यांतही चिंपांझी व मनुष्य यांची वाटणी अलीकडची, ६० ते ७० लक्ष वर्षांपूर्वींची. तेव्हां गिबन हा आपला पूर्वज नव्हे, दूरचा भाऊबंद होय. लिनीअसनें मात्र १७७१ सालीं एका गिबनास मनुष्याच्याच प्रजातींत घालून ‘होमो लार’ असें नांव दिलें होतें. तें मत पुढें टिकलें नाहीं.

अमरकोशांत वानराच्या पर्यायांत ‘शाखामृग’ व ‘वनौकस्’ हे शब्द आहेत. ते गिबनास जितके शोभतात तितके क्वचितच दुसऱ्या कोणास शोभत असतील. लांब हातांनीं झोके घेत तो फांदीवरून फांदीवर जातो, भूमीस सहसा पाय लावीत नाहीं. नरमादी जोडीनें राहतात व सकाळीं मिळून गातात.

पण वनौकसाचें ‘ओकस्’, म्हणजे घरच, तुटत चाललें आहे. आसामांतील जोरहाट जिल्ह्यांत होलोंगापार येथें १९९७ सालीं या प्राण्यासाठीं सुमारें २१ चौरस किलोमीटरांचें अभयारण्य झालें. परंतु त्याच्या मधून लोहमार्ग जातो. जेथें फांद्या जुळत नाहींत तेथें गिबनाची वाट खुंटते, आणि अलीकडच्या कुळाची पलीकडे सोयरीक होणें दुर्घट होतें.

सुतक कोणाचें किती धरावयाचें, हें आम्ही पिढ्या मोजून ठरवितों. या भाऊबंदाचें सुतक कोणी धरणार नाहीं. तें धरण्याचा प्रसंग न येईल, इतक्या फांद्या तरी रुळांवर पुन्हा जुळूं द्याव्या, एवढेंच आमचें मागणें आहे.