कव्हर लावण्याआधी

चंद्रपूर,
मे अखेर

चि. बाळ यास,


आजोबांच्या जीपचं इंजिन बांधायला घेतलंस हे ऐकून फार बरं वाटलं. महिंद्राने मुंबईत जोडलेली ही विलीज. आजोबा आलापल्लीच्या लाकूड डेपोवर होते तेव्हाची.

फोनवर एक गोष्ट राहून गेली. या हरिकेन इंजिनात टायमिंगची चेन नाही, दोन गिअर आहेत. क्रँक दोनदा फिरला की कॅम एकदा. दोन्ही गिअरांच्या खुणा समोरासमोर याव्या लागतात. एक दात चुकला तरी गाडी सुरू होते, आणि घात तिथेच होतो.

आमचा झाला होता. शहरातल्या एका गॅरेजने इंजिन बांधून दिलं, आलापल्लीपर्यंत कुरकुर नाही. पुढे भामरागडच्या वाटेवर गाडी चढ ओढेना, पाणी उकळायला लागलं. गाडीत हेमलकशाच्या दवाखान्यात न्यायचं तापाचं लेकरू होतं. डिस्ट्रिब्यूटर फिरवला की जरा बरी चाले, मग पुन्हा तेच. रात्र रस्त्यावर गेली. पहाटे बैलबंडी मिळाली, पोरगं पोचलं, वाचलं. पण ती रात्र मी विसरलेलो नाही. इंजिन उघडलं तर कॅमचा गिअर एक दात मागे. डिस्ट्रिब्यूटरने स्पार्कची वेळ बदलते, व्हॉल्व्हची नाही.

म्हणून नुसत्या खुणांवर विसंबू नकोस. इतक्या वर्षांत गिअर कुणी बदलला असेल. पहिल्या सिलिंडरचा इनटेक व्हॉल्व्ह पिस्टन वर पोचायच्या ९ अंश आधी उघडायला हवा. मॅन्युअलमध्ये या तपासणीपुरता वेगळा गॅप दिलाय, तो ठेव. मग हँडल अगदी हळू फिरव आणि रॉकरमधली ढिलाई कुठे संपते ते फ्लायव्हीलच्या खुणांवर बघ. नंतर गॅप नेहमीचा करायला विसरू नकोस.

स्पार्कची वेळ त्यानंतर. पहिला आणि चौथा पिस्टन एकदमच वर येतात, त्यामुळे पहिल्याचा प्लग काढून भोकावर अंगठा ठेव. हवेने अंगठा उचलला तोच कॉम्प्रेशन स्ट्रोक. पिस्टन दुसऱ्या खेपेला वर येतो ती वेळ धरलीस तर गाडी कार्बोरेटरमधून फटाके मारेल. पॉइंटचा गॅप ०.०२० इंच, आणि टीसीच्या, म्हणजे पिस्टन अगदी वर असतानाच्या खुणेच्या, ५ अंश आधी पॉइंट उघडायला हवेत. टेस्ट लॅम्प लाव, पॉइंट उघडताच तो पेटेल. फायरिंग ऑर्डर १-३-४-२. ऑइल पंप काढला असशील तर हे सगळं पुन्हा बघ, कारण डिस्ट्रिब्यूटर त्याच्याच शाफ्टवर फिरतो.

टायमिंग कव्हरचे बोल्ट मात्र आवळू नकोस. शनिवारच्या सकाळच्या एसटीने मी निघतोय. खुणा दोघं मिळून बघू.

तुझा,
मामा