शीत कुठल्या भाताचं?

‘सीआयडी’च्या दुसऱ्या पर्वाला शितावरून भाताची परीक्षा हा न्याय लावावा का, इथेच गाडी अडते. एक शीत बोटांत चेपून पातेलंभर भाताचा निकाल देता येतो, कारण सगळा तांदूळ एकाच पाण्यात, एकाच आचेवर शिजलेला असतो. ही मालिका जानेवारी १९९८ मध्ये सोनीवर चढली, ऑक्टोबर २०१८ मध्ये उतरली आणि डिसेंबर २०२४ मध्ये पुन्हा चढवली गेली. दीड हजारांहून जास्त भाग झाले. २००४ साली १११ मिनिटं एकही कट न घेता चित्रित केलेला भाग हे त्यातलंच एक शीत. इन्स्पेक्टर दयाने दार तोडलं, संशयिताच्या कानाखाली वाजली आणि कबुली मिळाली, हेही त्यातलंच. उचलायचं कुठलं? बरं, शीत फक्त शिजलंय का तेवढंच सांगतं, चवीबद्दल त्याला काही विचारता येत नाही. त्यात आज ताटात आहे तो ताजा भातही नाही, फोडणीचा आहे. तो कोणी चेपून बघत नाही. मोहरी तडतडली का, मिरची लागली का, एवढंच बघतात. काही घरांत तर मूळ भातापेक्षा त्याचीच वाट जास्त पाहतात.

फोडणी बसली आहे, हे मान्य करायला हवं. एसीपी प्रद्युम्न झालेले शिवाजी साटम डोळे बारीक करून हवेत बोटं फिरवतात आणि काहीतरी गडबड आहे म्हणतात, तेव्हा अजूनही बरं वाटतं. पण फोडणीच्या भातालाही एक अट असते, भात आंबलेला नसावा. ती शंका एप्रिल २०२५ मध्ये आली. बार्बोसा नावाच्या खलनायकाने घडवलेल्या बॉम्बस्फोटात प्रद्युम्न गेले. १९९८ ते २०२५ अशी सालं घालून वाहिनीने रीतसर श्रद्धांजली वाहिली, पार्थ समथानच्या रूपाने नवा एसीपी आला आणि काही आठवड्यांनी प्रद्युम्न परतले. रहस्यकथेत साक्ष खोटी असते, पत्ता खोटा असतो, मृत्युपत्रही खोटं निघतं. मुडदा तेवढा खरा असावा लागतो. डॉ. साळुंखेंची प्रयोगशाळा त्याच भरवशावर उभी आहे. याच प्रद्युम्नांनी गुन्हेगार निघालेल्या स्वतःच्या मुलाला, नकुलला, गोळी घातली होती. ते मरण या माणसाच्या चेहऱ्यावर इतकी वर्षं दिसत राहिलं. मरण मागे घेता येऊ लागलं, तर त्या गोळीचं करायचं काय?

यावर कोणीही शेरलॉक होम्सचा दाखला देईल. डॉयलने त्याला १८९३ मध्ये धबधब्यात ढकललं आणि १९०३ मध्ये परत आणलंच की! खरं आहे, पण तिथे वॉटसनला पावलांचे ठसे आणि एक चिठ्ठी सापडली होती, प्रेत नव्हतं. म्हणजे नियम शाबूत होता. इथे वाहिनीनेच तेरावं उरकलं होतं. दुसरा आक्षेप मात्र सहज परतवता येत नाही. ‘सीआयडी’ रहस्यासाठी बघतं कोण? रंगीत द्रावणात एक थेंब टाकला की विषाचं नाव कळणाऱ्या प्रयोगशाळेवर कोणाचा कधी विश्वास होता? लोक बघतात ती प्रद्युम्न, अभिजीत, दया ही माणसं. तसं असेल तर प्रद्युम्नांचं जाणंच खोटं होतं आणि परतणं ही साधी दुरुस्ती. मग आंबलेपणाची तक्रार भलत्याच पदार्थाबद्दल झाली.

ही माणसं म्हटली की फ्रेडरिक्स येतोच. घटनास्थळी भुताच्या नावाने टरकणारा, बायकोवरून चेष्टा ऐकून घेणारा, आणि ऐन गंभीर क्षणी भलतंच बोलून एसीपींचा ओरडा खाणारा. ही भूमिका करणारे दिनेश फडणीस डिसेंबर २०२३ मध्ये गेले. नवं पर्व त्यांच्याशिवाय सुरू झालं. प्रद्युम्नांना लेखकांनी परत आणलं, इथे लेखकांचं काही चालत नाही. प्रद्युम्न गेल्यावर लोक एवढे खवळले ते बहुधा याचमुळे. एक जागा आधीच रिकामी असताना दुसरी हौसेने रिकामी केलेली त्यांना खपली नसेल. असं मानलं तर पुनरागमनाला फसवणूक म्हणणं जड जातं. पण मग ही मालिका जुनी माणसं भेटण्याची जागा ठरते, आणि त्या भेटीसाठी दर भागात एक नवा मुडदा कशाला लागतो, हे काही केल्या उमगत नाही.